क्रॉसबेकचे लॉर्ड आणि नोरा हॅलम

नोरा हॅलम दारात आली की क्रॉसबेकातली माणसं मुकाट्याने चहाची किटली चढवायची. मतं मागायला आलेल्या बाकीच्यांना आम्ही पडद्याआडून बघतो आणि घरात कुणी नसल्यासारखे गप्प बसतो. नोराला असं टोलवायची कुणाची टाप नव्हती. दारावरच्या टपालाच्या फटीतून ती ओरडायची, "मेव्हिस, अगं टीव्ही ऐकू येतोय मला! उघड दार, पायांचे तुकडे पडलेत माझ्या." आणि मेव्हिस हसत हसत उघडायची.

कुणाचं छप्पर गळो, कुणाची पेन्शन अडो, नोराचं उत्तर ठरलेलं, "रॉयवर सोडा." रॉय फेअरक्लफ हे आमचे खासदार. तिशीत असताना एका सुटकेसनिशी गावात आले, तेव्हा त्यांच्या शर्टाला इस्त्री नोरानेच केली आणि "इथे लोकांशी बोलताना खिशात हात घालायचे नाहीत" हेही तिनेच शिकवलं. पुढे दर निवडणुकीत छातीवर पक्षाच्या रंगाचं फितीचं फूल लावून ती गल्ल्या पालथ्या घालायची, उरलेल्यांना घरून फोन करायची. रॉय कामाचा माणूस होता, उगाच खोटं का बोला! तोही "माझ्यावर सोडा" म्हणायचा आणि बरीच कामं व्हायचीसुद्धा. म्हणून तर आम्ही सगळे सोडत गेलो.

नोराचा नवरा स्टॅन जन्मभर पोस्टमन. निवृत्त झाल्यावर त्याला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, डोक्यातही थोडा घोळ सुरू झाला. नोराच्याने त्याला उचलवेना, तेव्हा नगरपालिकेच्या बीचवुड वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, म्हणून तिचं निभत होतं. रोज संध्याकाळी खाण्याच्या वेळेला ती जायची, त्याच्या गळ्यात टॉवेल अडकवायची आणि मटणाचा खिमा न् कुस्करलेले मटार चमच्या-चमच्याने भरवायची. "उघड तोंड, साहेब आलेत तपासायला!" असं म्हटलं की म्हातारा हसून तोंड उघडायचा. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून बसायचा. तिथल्या पोरींनी गोडीगुलाबी केली, दटावून पाहिलं, काही उपयोग नाही.

आणि नगरपालिकेने बीचवुड बंद करायचं ठरवलं. म्हाताऱ्यांची रवानगी समुद्रकाठच्या एका दूरच्या आश्रमात. तिथे जायला दोनदा बस बदलायची, आणि परतीची शेवटची बस संध्याकाळच्या खाण्याआधीच सुटणार. म्हणजे नोराने स्टॅनला भरवायचं कधी?  ती तडक रॉयच्या कचेरीत गेली.

"मंत्र्यांची वेळ घेतलीय मी," रॉय म्हणाला. "त्यांनी नगरपालिकेला एक शब्द टाकला की झालं. माझ्यावर सोड, नोरा."

तिने सोडलं. आणि नेमकं तेव्हाच पंतप्रधानांना काय सुचलं देव जाणे, निवडणूक जाहीर करून मोकळे झाले! पार्लमेंट आठवड्याभरात बरखास्त होणार म्हणे. त्यातच बीचवुडच्या व्यवस्थापक मिसेस कर्शॉ यांचा फोन आला. टेकडीवरच्या सेंट ब्राइड्स आश्रमात एक खाट रिकामी झाली होती. जागा कोंदट, खोली जिन्याखालची, पण गावातली. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

नोरा पुन्हा कचेरीत. रॉय खोकी भरत होता.

"अरे, हे काय? हरायची तयारी आत्तापासूनच?" तिने टोमणा मारला.

रॉय नेहमीसारखा हसला नाही. "आवराआवर गं. पार्लमेंट बरखास्त झालं की कुणीच खासदार नसतं ना."

"ते मला नको शिकवूस. मला एवढंच सांग, सेंट ब्राइड्सची खाट घेऊ का? ती घेतली तर बीचवुड सोडल्यासारखं होईल. मीच पळाले तर बाकीच्या म्हाताऱ्यांच्या घरचे काय म्हणतील? दुसरी जागा बघू नका म्हणून त्यांना मीच थोपवून धरलंय, तुझ्या नावावर."

रॉयने एका खोक्याचं झाकण लावलं.  मग खिशात हात घालून म्हणाला, "माझ्यावर सोड."

खिशातले ते हात तिने पाहिले होते. पण एवढ्या वर्षांचा विश्वासाचा माणूस! तिने मिसेस कर्शॉना फोन करून नाही म्हणून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात रेडिओवर बातमी आली. पार्लमेंट बरखास्त होताना जे मानसन्मान वाटतात, त्यांत आमच्या रॉयचं नाव. लॉर्ड फेअरक्लफ ऑफ क्रॉसबेक! ते निवडणूक लढवणार नव्हते. त्यांच्या जागी पक्षश्रेष्ठींच्या मर्जीतला एक लंडनचा गुळगुळीत तरुण येणार होता. जागा मोकळी करून दिल्याची ही बिदागी, हे क्लबातल्या दारू ओतणाऱ्यालासुद्धा समजलं. असला मान मिळणाऱ्याने जाहीर होईपर्यंत ब्र काढायचा नसतो, हेही तेव्हाच कळलं. खोकी भरताना त्या गृहस्थाला सगळं ठाऊक होतं!

आणि नोरा? नोरा हरखून गेली होती. आता हसावं की रडावं! क्लबात तिने सगळ्यांना शेरीचा प्याला पाजला. "लॉर्ड ऑफ क्रॉसबेक! आपल्या गावाचं नाव लावलंय त्याने! लंडनचं नाही, आपलं! आता बघा, खासदाराला जे जमलं नाही ते लॉर्ड चुटकीसरशी करेल. वरच्या सभागृहात बसणार तो, वरच्या!"

"अगं नोरा," मेव्हिस हळूच म्हणाली, "ते नुसतं नावापुढे लावतात. गाव काही त्याच्या हातात नसतं."

"गप गं. 'ऑफ क्रॉसबेक' म्हणजे क्रॉसबेकचा. एवढं इंग्रजी येतं मला."

बाई काही भोळी नव्हती. मतदारयाद्या तोंडपाठ होत्या तिच्या. पण ज्या फांदीला लोंबकळतोय ती मोडलीय, हे कोण स्वतःहून कबूल करतं?

लॉर्डसाहेबांच्या घरी ती ठेवणीतला कोट घालून गेली. मिसेस फेअरक्लफनी उंची चिनी मातीच्या कपात चहा दिला. रॉय अवघडून बसला होता.

"नोरा, मंत्र्यांची भेट बारगळली. ते मंत्री आता प्रचारात आहेत, परत निवडून येतील की नाही त्यांनाच माहीत नाही."

"मग तू बोल ना नगरपालिकेशी. लॉर्ड आहेस."

"लॉर्डला मतदारसंघ नसतो. लोकांची कामं घेऊन मला नाही जाता येणार कुणाकडे. आणि अजून माझा शपथविधीही व्हायचाय."

"मग ते 'ऑफ क्रॉसबेक'?"

रॉय खाली बघत म्हणाला, "ती एक पद्धत आहे."

नोराने कप खाली ठेवला. "खाट सोडली मी, रॉय. तुला विचारून सोडली."

"सांगायची परवानगी नव्हती गं मला. खरंच नव्हती." त्याचा चेहरा पडला होता, ते काही नाटक नव्हतं. "तुझ्या नावाची शिफारस करतो मी. पदक मिळेल तुला. तुझा हक्कच आहे तो."

"मला खाट हवी होती," नोरा म्हणाली, आणि कोटाची बटणं लावू लागली. एक बटण काही केल्या लागेना. शेवटी मिसेस फेअरक्लफनी लावून दिलं.

सेंट ब्राइड्सची खाट केव्हाच गेली होती. मिसेस कर्शॉनी तिच्यासाठी पुन्हा चौकशी केली, मेव्हिसने टेकडीवर जाऊन हातापाया पडून पाहिलं. कुणाचं काही चाललं नाही. मतदानाच्या आधीच बीचवुडच्या म्हाताऱ्यांना गाडीत बसवून नेलं. खिडकीशी बसलेल्या स्टॅनने नोराला खुशाल हात हलवला.

आठवड्यातून एकदा ती दोन बस बदलून जायची, दुपारी तासभर बसायची आणि खायची वेळ होण्याआधी उठायची. तिकडच्या परिचारिकेचा फोन आला की आजोबा जेवत नाहीत, ओठ मिटून बसतात. नोराच म्हणाली, "फोन लावा त्यांच्या कानाला." आणि घरात एकटी उभी राहून ती फोनमध्ये बोलली, "उघड तोंड स्टॅन, साहेब आलेत तपासायला." पलीकडून परिचारिका ओरडली, "उघडलं! खाल्लं हो एक घास!" फोन हातात धरूनच नोरा ढसाढसा रडली.

ते जेमतेम आठवडाभर चाललं. मग एका संध्याकाळी तिने नेहमीसारखी हाक मारली, "स्टॅन, ऐकतोयस ना? मी बोलतेय."

 पलीकडे स्टॅन परिचारिकेला म्हणाला, "मतं मागणारी बाई दिसतेय. तिला सांग, आमचं घर रॉयचंच आहे. आणि फोन ठेव पोरी. आमची नोरा येईल एवढ्यात, मला भरवायला."