सफारीहून लेकीचा फोन येईपर्यंत

मंडळी, आज दिवसभर घरात केर काढला नाही. माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत आमच्याकडे केर काढत नाहीत.

माझी लेक इरा मैत्रिणींबरोबर दुबईला गेली आहे. आज सकाळी शहर बघायचं आणि दुपारी वाळवंटात सफारी, असा बेत होता. गाडीत बसल्याचा मेसेज आला आणि मग तिचा फोन बंद.

हे जहाजावर इंजिनिअर होते. चार महिन्यांपूर्वी तिकडेच वारले. त्यामुळे इथे सिंगापूरला, बेडोकच्या फ्लॅटमध्ये मी आणि सासूबाई फोनकडे बघत बसलो होतो.

"वाळूत रेंज नसेल गं," त्या म्हणाल्या. जप मात्र थांबला होता.

अखेर फोन वाजला, पण नंबर अनोळखी होता. ह्यांची बातमीही अशाच नंबरवरून आली होती. मला तो उचलवेना.

"उचल," सासूबाई म्हणाल्या.

"मम्मा, कॅम्पवर पोचले! माझी बॅटरी संपली लाह, हा रियाचा फोन." इराच, तिच्या त्या सिंगापुरी 'लाह'सकट!

मी फोन ठेवला. सासूबाईंनी केरसुणी पुढे केली.

"राहू दे, ती घरी आल्यावर काढू."

"अगं, तोवर इथेच वाळवंट होईल!"

चार महिन्यांनी आम्ही दोघी हसलो. केर मात्र अजून तसाच आहे. तुम्ही असता तर काढला असता का?