पायाच्या वहीतली सही

लढाईच्या दिवसांत मी एका ठेकेदाराकडे देखरेखीचा कारकून होतो. टोकावड्याच्या पुढे, वैशाखऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका ओढ्यावर पूल बांधायचं काम चाललं होतं. कुठल्या खांबाचा पाया किती फूट गेला, खाली काय लागलं, हे वहीत लिहून मी सही करायची. सरकारी साहेब महिन्यातून एकदा येत आणि वही बघूनच झालेलं काम मंजूर करत. स्वभावानं मी भित्रा, कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणारा. असल्या माणसाच्या हातून व्हायला नको तेच झालं.

मधल्या खांबाच्या खड्ड्यात तीन कोपऱ्यांना खडक लागला. चौथा उद्या लागणार हे उघडच होतं, निदान मला तसं वाटलं. चुन्याच्या आणखी गाड्या आणायला मला दोन दिवस वाशिंदला जायचं होतं. निघण्याआधीच मी लिहून टाकलं, ‘चारही कोपरे, पक्का खडक.’ खाली सही ठोकली आणि वही मुकादमाच्या हवाली केली.

परतलो तेव्हा बांधकाम गुडघाभर वर आलं होतं. मला बरं वाटलं. मग उपसलेल्या मातीच्या ढिगाशी हिरव्या बांगड्या आणि हळदीकुंकू दिसलं. पाट्या वाहणाऱ्या एका बाईला विचारलं, हे कशाचं?

“आसरांचं हाय, भाऊसाहेब. त्या कोपऱ्यात पानी निघालं ना.”

पाण्यातल्या या सात देवींचा झरा लागला की तो उपसायचा नाही, त्याचा बोभाटा करायचा नाही, ओटी भरून गुपचूप झाकायचा, ही तिकडची रीत. म्हणून मजुरांनी झऱ्यावर सपाट दगड ठेवून त्यावर खांब उचलला होता.

“आणि खडक?”

“तिथं कुठं लागला? नुसता गाळ.”

पावसाळा महिन्यावर होता. पूर आला की पाणी नेमका तो गाळ पोखरणार, खांब कलणार आणि तेव्हा पुलावर कुणाची तरी बैलगाडी असणार. सांगावं, तर खोटी नोंद माझी, नोकरी जाणार. न सांगावं, तर जीव जाणार, आणि तोही दुसऱ्याचा. दोन दिवस मी त्या खांबाभोवती येड्यासारखा फिरलो. दगड बसला की वाटे, चढलं आणखी वजन. कुणी नुसती हाक मारली तरी दचकत होतो.

शेवटी राग काढायला मुकादम सापडला. “मी येईपर्यंत थांबायला काय झालं होतं?” मी ओरडलो.

तो गोंधळला. “थांबनारच होतो, भाऊसाहेब. पन मला वाचता कुठं येतं, चुना मळनाऱ्या पोराकडनं वही वाचून घेतली. चारी कोपरं लिवलेलं, खाली तुमची सही. म्हनलं, शिकलेल्या मानसानं बघितलंय, आमी कोन इचारनार?”

मी वही काखेत मारली आणि तिथून निघालो.

साहेब आले त्या सकाळी मी सगळा धीर गोळा केला. “मधला खांब उतरवावा लागेल,” म्हटलं. “एका कोपऱ्याखाली गाळ आहे.”

साहेबांनी वही उघडली, नोंद वाचली. “मग पक्का खडक आहे असं कोण म्हणालं?”

माझ्या तोंडून शब्द फुटण्याआधी मुकादम पुढे झाला. “मी, साहेब. मी सांगितलं ते त्यांनी लिवलं. त्यांचा दोष नाय.”

“खरं का?” साहेबांनी मला विचारलं.

मी “हो” म्हणालो. लाज वाटली, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो.

खांब उतरवायचा हुकूम झाला आणि त्याच दमात मुकादमाला कामावरून काढलं. त्याच्या बायकोनं झोपडीतली भांडी फडक्यात बांधली. दुपारच्या उन्हात दोघं मुरबाडच्या रस्त्याला लागली. माझ्यापाशी येऊन तो थांबला.

“भाऊसाहेब, पुढच्या टायमाला खड्ड्यात सोता उतरा बरं का,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

मी मान हलवली. साहेब अजून तंबूत चहा घेत होते. तंबू वीस पावलांवर होता. मी तिकडे गेलो नाही.