भट्टीवरची घोंगडी

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी जेवताना वाचते आणि बहुतेकांवर हसते. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, वळणावरचं झाड... मला यातलं काही पटत नव्हतं, आजही पटत नाही. मी फिजिक्सवाली बाई आहे. म्हणून तर हे लिहिताना माझीच चिडचिड होतेय. भुताची गोष्ट असती तर सोडून दिली असती, पण ही माझ्या पीएच.डी.च्या मुळावर उठलेली गोष्ट आहे.

आपलं छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद. लागोपाठ दुष्काळाची वर्षं. पुंडलिकनगरात माझ्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या, तिथं नळाला पाणी आलं की सणासारखं वाटायचं. आणि त्याच शहरात जिकडं बघावं तिकडं नव्या इमारती, नवे रस्ते, खोदाखोदी. आमची लॅब मुकुंदवाडीच्या पुढं, एका कॉलेजच्या मागच्या अंगाला.

काम काय, तर चांदी, गॅलियम आणि सेलेनियम यांचा स्फटिक, त्यात थोडं इंडियम मिसळून नवा वाढवायचा. दिसायला कोळसा. पण डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश त्यातून आरपार जातो, आणि जाता जाता बदलतो — एका तरंगलांबीचा लेझर आत सोडला की निम्म्या तरंगलांबीचा बाहेर पडतो. हवेतले विषारी वायू ओळखायला असा प्रकाश लागतो. ऐकायला छान आहे. करायला? विचारू नका. काचेसारख्या क्वार्ट्झच्या बंद नळीत माल वितळवायचा, उभ्या भट्टीत हळूहळू गोठवायचा आणि मग आठवडेच्या आठवडे थोडा थोडा थंड करत बसायचं. सगळं जग थंड झालं की आकसतं. हा दळभद्री स्फटिक मात्र एका दिशेनं फुगतो. नळीत जागा नसते, मग तडकतो. दर वेळी नळी उघडावी आणि आत खडी निघावी, असं माझं चाललं होतं. शेवटची मुदतवाढ संपत आली होती. एक अखंड स्फटिक मिळाला तर थिसिस, नाहीतर सगळं मुसळ केरात.

त्या उन्हाळ्यात आबा, म्हणजे माझे वडील, माझ्याकडं राहायला आले होते. आमचं धनगराचं घर. माळावर चारा उरला नव्हता म्हणून धाकटा भाऊ मेंढरं घेऊन लांब गेला होता, आणि आबांचे गुडघे आता चालायला तयार नव्हते. घरात एकटे कंटाळतात म्हणून मी त्यांना लॅबमध्ये घेऊन जायचे. भर उन्हाळ्यातही खांद्यावर घोंगडी. कोपऱ्यात स्टूल टाकून गप्प बसायचे.

त्या दिवशी सकाळी भट्टी सातशे अंशांच्या आसपास होती आणि सावकाश उतरत होती. फटकन लाइट गेली. यूपीएसनं थोडा वेळ दम धरला आणि मान टाकली. कॉलेजचा जनरेटर कधीपासून शोभेपुरताच. बाहेर पळाले तर रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं केबलच तोडलेली.

"मॅडम, मेरेकू क्या मालूम नीचे केबल है करके?" ड्रायव्हर म्हणाला. त्याच्याशी भांडले, वीज कार्यालयात फोन केला. तिथून उत्तर आलं, "ताई, टाइम लागल." मग माझ्या गाइड सरांना फोन. ते म्हणाले, "सोड. गेला समज."

परत येऊन मी खाली फरशीवर बसले आणि रडले. रागानं रडले.

"काय झालं गं?" आबांनी विचारलं.

"भट्टी गार पडतीय. आतलं तडकणार आता."

"मंग पांघरूण घाल की."

"आबा, आत सातशे डिग्री आहे! घोंगडीनं काय होतंय?"

"नाय झालं तर नाय. उघडं कशाला ठिवायचं?"

आबा उठले आणि भट्टीला घोंगडी गुंडाळून तिच्यावर हात ठेवून बसले. थंडीत कोकरू जन्मलं की त्याला घोंगडीत घेऊन असंच बसायचं, ते उठेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, ही आमच्यातली रीत. मी अडवलं नाही. भट्टीचं बाहेरचं कवच कोमटच असतं, आणि माझ्यात भांडायचं बळ उरलं नव्हतं.

लाइट आली तेव्हा ऊन कललं होतं. एवढ्या वेळात भट्टी पार विझायला हवी होती. पडद्यावर आकडा उमटला आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. लाइट गेलीच नसती तर त्या क्षणी जेवढं तापमान असायला हवं होतं, नेमकं तेवढंच. दुसरा सेन्सर लावून बघितला. तोही तेच सांगत होता.

"आबा, तुम्ही काय केलं?"

"म्या काय करणार? डोळा लागला व्हता."

पुढं काही आठवड्यांनी भट्टी पुरती थंड झाल्यावर नळी उघडली तर आत अखंड स्फटिक. एक तडा नाही. तपासून आणला, लेझर टाकला, हवा तसा प्रकाश बाहेर पडला. सर पेढे घेऊन आले. मग म्हणाले, "लाइट गेल्याचं लिहू नकोस."

"पण गेली होती ना, सर?"

"मग पुन्हा करून दाखव."

दाखवायला गेलो. तोच माल, तीच भट्टी, मुद्दाम वीज बंद, तीच घोंगडी, बिचारे आबाही स्टुलावर. खडी. वीज चालू ठेवून केलं, खडी. सर म्हणाले, घोंगडीनं उष्णता धरली असेल. मी गणित मांडलं. भट्टीच्या स्वतःच्या अस्तरापुढं घोंगडी म्हणजे दरियामें खसखस. मग म्हणाले, सेन्सर बिघडला असेल. दोन्ही? आणि स्फटिक, तोही बिघडला का?

खोटं मला लिहायचं नव्हतं, खरं सरांना चालणार नव्हतं. शेवटी थिसिसचा विषयच फिरवला: हे स्फटिक का तडकतात. खडीचे डबे भरून होते माझ्याकडं. त्यांचे फोटो काढले, मोजमापं घेतली आणि डॉक्टर झाले. त्या अखंड स्फटिकाचा थिसिसमध्ये एका ओळीचाही उल्लेख नाही. लॅबच्या कपाटात कापसात गुंडाळून पडलाय.

आबांना पदवीचा कागद दाखवला, तेव्हा सगळं सविस्तर सांगितलं.

"फुटक्यावर डिग्री दिली म्हन," ते म्हणाले. "मंग त्या चांगल्याचं काय चुकलं व्हतं गं?"

तो स्फटिक का जगला ते मला आजही माहीत नाही.