कोळशाच्या फावड्याशेजारची सळई

बंदराजवळच्या जुन्या मालगुदामात काही निवृत्त रेल्वेवाल्यांनी आगगाड्या आणि जहाजांचं छोटंसं संग्रहालय मांडलंय. आत शिरल्यापासून तिथले एक म्हातारे गृहस्थ माझ्या मागे होते. मी थांबलो की तेही थांबत. सातवीत शाळा सोडून बुलढाण्याहून इतक्या लांब बंदरावर कामाला आलेल्या माणसाला अशा नजरा लगेच कळतात. काचेच्या कपाटांजवळ आपल्यावर कुणीतरी लक्ष ठेवणार, हे आपण धरूनच चालतो. मग आपणही त्याच्यावर लक्ष ठेवतो, आणि बघायला आलो ते राहून जातं.

इंजिनाच्या फावड्याशेजारी एक टोकदार सळई होती. खाली लिहिलं होतं, 'कोळसा फोडण्यासाठी'. मी तिथेच अडकलो.

"एवढं काय बघताय हो?" म्हाताऱ्यांनी विचारलंच.

काहीतरी सांगून सटकावं असं वाटलं, पण राहवलं नाही. "साहेब, ही जहाजावरची आहे. हिनं जाड दोराचे पीळ उघडून त्यात दुसरा दोर गुंफतात. रोज हातात असते माझ्या."

"तरीच! आम्ही सगळे गाडीवाले. लोखंड दिसलं की घातलं इंजिनात," ते हसले. "कुणी जहाजवाला भेटेल म्हणून मी येईल त्याच्या मागे फिरतो." त्यांनी सळई काढून माझ्या हातात दिली. "पलीकडे जहाजांच्या सामानात तुम्हीच ठेवा. मी चहा आणतो."

ते खरंच गेले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला भरून आलं. तरीही सळई सगळ्यांना दिसेल अशी छातीसमोर धरून, ते चहा घेऊन येईपर्यंत मी जागचा हललो नाही.