गप्प बसायला शिकलेला माणूस

आमचे हे गप्प बसू शकतात असं कुणी मला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. समोर चूक दिसली की ह्यांना राहवायचंच नाही. शेजाऱ्याने खिळा कसा ठोकावा, दुकानदाराने पुडी कशी बांधावी, डॉक्टरांनी सुई कुठे टोचावी, सगळ्यांना शिकवायला हे पुढे. माझ्या हातच्या मिठाबद्दल तर विचारूच नका.

हे पाळक. म्हणजे चर्चमध्ये उपदेश करायचा, लग्नं लावायची, मयताला उभं राहायचं आणि उरलेल्या वेळात लोकांच्या घरातली भांडणं मिटवायची. पन्नाशी उलटली तेव्हा ह्यांना परदेशातून बोलावणं आलं. तिकडच्या छोट्या छोट्या मंडळ्यांचे, म्हणजे एकेका चर्चच्या गोतावळ्याचे, जुने पाळक थकले होते, काही देवाघरी गेले होते. त्यांची जागा घ्यायला तरुण मुलं तयार होती, पण त्यांना घडवणारं कुणी नव्हतं. ह्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी नाक मुरडलं, आणि मग बॅगाही मीच भरल्या.

इथे आम्हाला एका लॉन्ड्रीच्या वर तीन खोल्या मिळाल्या. दिवसभर खालून गरम वाफ आणि साबणाचा वास वर येतो, त्यामुळे आमचं घर धुतलं नाही तरी धुतल्यासारखं वाटतं. मागच्या अंगाला फर्निचरचं जुनं गोदाम आहे, तेच आमचं चर्च. माझ्या ओट्यासमोरच्या खिडकीतून त्याचं दार दिसतं, आणि छत पत्र्याचं असल्यामुळे आत कुणी शिंकलं तरी मला ऐकू येतं.

शिकायला येणारी मुलं पोटापाण्यासाठी दुसरं काही ना काही करायची. एक नर्स होती, एक रंगारी होता, एक शाळेत मदतनीस होती, आणि एक बसड्रायव्हर. ह्या ड्रायव्हरवर ह्यांचा फार जीव. वय पंचविशीच्या आसपास, आवाज असा की माइकची गरज नाही, आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलताना आपोआप खाली वाकायची सवय. मला तो त्यांच्या भाषेत जी हाक मारायचा, तिला आपल्याकडे काकूच म्हणतील. काही वर्षांत ही मंडळी त्याच्या हातात द्यायची आणि आपण मोकळं व्हायचं, असं ह्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

ह्यांची शिकवायची एक पद्धत होती. ज्याचा रविवारी उपदेश असेल त्याने शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये उभं राहून तो पूर्ण म्हणून दाखवायचा. हे शेवटच्या बाकावर बसायचे. काही खटकलं की बोटांच्या पेरांनी बाकावर ठक्‌. मुलाने थांबायचं, चूक स्वतः शोधायची, पुन्हा सुरू करायचं. सापडली नाही तर पुन्हा ठक्‌. मी भाजी चिरता चिरता ऐकायची. एखाद्या शनिवारी तर खाली सुतार आलाय की काय असं वाटायचं. नर्स एकदा रडत वर आली आणि माझ्या पदराला डोळे पुसून गेली. रंगाऱ्याने दोनदा यायचं बंद केलं.

शेवटी तक्रार गेली. चर्चच्या मुख्य कार्यालयाने ह्यांच्यासारख्या सगळ्या जुन्या खोडांना एका शिबिराला बोलावलं. शिकवायला एक साहेब होता, आमच्या मुलीपेक्षाही लहान. आता काळ बदलला, असं तो म्हणाला. तरुणांना वरून शिकवायचं नाही, त्यांच्या सोबत चालायचं. उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारायचा. मला वाटलं, हे त्या साहेबाची सालटी काढून परत येणार. पण हे आले ते पडलेल्या चेहऱ्याने. चप्पल काढून तिथेच दारात बसले.

"मी मुलांना घाबरवत होतो गं," म्हणाले. "एवढी वर्षं. आणि मला वाटत होतं मी त्यांना घडवतोय."

ह्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला भडभडून आलं. साठी ओलांडलेला माणूस, आपलंच चुकलं म्हणून दारात बसलाय, आणि खरंच बदलायचं म्हणतोय. किती जण बदलतात ह्या वयात? लोक उशीसुद्धा बदलत नाहीत.

हे मात्र बदलले, आणि मनापासून बदलले. बाक भिंतीला लावले, खुर्च्या गोल मांडल्या आणि त्या गोलात स्वतः एक खुर्ची घेऊन बसू लागले. हात उचलायचा मोह होऊ नये म्हणून दोन्ही तळवे मांडीखाली दाबून धरायचे. कुणी काही विचारलं की म्हणायचे, "तुला काय वाटतं?" घरीही सराव चालू. मी विचारलं, आमटीत मीठ कमी आहे का? तर म्हणतात, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, मला वाटतं तुम्ही उठून स्वतःचं ताट घासावं. तेव्हा हसले आणि खरंच घासलं.

मुलं खुलली, ह्यात वाद नाही. नर्सने रडणं सोडलं. रंगारी परत आला आणि येताना मित्र घेऊन आला. ड्रायव्हरच्या उपदेशाला तर मागे उभं राहायलाही जागा उरेना. हे सुखावले. मीही म्हटलं, चला, देवाने उशिरा का होईना, आमच्या घरात शांतता दिली.

मंडळीत एक मेकॅनिक होता. धिप्पाड गडी, पण चर्चमध्ये आला की मांजर. हात कितीही घासले तरी काळेच, म्हणून प्रार्थनेच्या वेळी ते गुडघ्यांमध्ये लपवून बसायचा. एके काळी दारूने त्याचा संसार मोडता मोडता राहिला होता. चर्चच्या लोकांनी त्याला धरून ठेवलं, त्याने दारू सोडली, बायको परत आली, दोन मुली झाल्या. हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची पुन्हा सुरू झाली आहे, हे मात्र फक्त एका माणसाला ठाऊक होतं. चर्चच्या मागे एक लहानशी खोली आहे, कुणाला मन मोकळं करायचं असलं की तिथे बसायचं. तिथे त्याने दार लावून ड्रायव्हरला सांगितलं होतं. गॅरेज बंद झालं की तो हत्यारांच्या पेटीआड ठेवलेली बाटली काढतो. बायकोला मी स्वतः सांगेन, फक्त मला थोडा धीर येऊ दे, एवढंच त्याचं मागणं होतं. ड्रायव्हर त्याला रोज फोन करायचा. आणि त्याची रोजची थोडी थोडी कमी होऊ लागली होती.

अशातच शनिवार आला, आणि ड्रायव्हरने गोलात बसून आपला उपदेश म्हणून दाखवला. विषय होता, पडलेल्या माणसाला देव टाकत नाही. त्यात त्याने एक गोष्ट सांगितली. एक माणूस आहे, ज्याचे हात कधी स्वच्छ होत नाहीत. काम संपल्यावर शटर अर्धं ओढून तो एकटाच बसतो आणि पेटीआडून बाटली काढतो. घरी दोन मुली वाट बघत असतात. देव त्या अर्ध्या शटरखालून वाकून आत जातो आणि त्याच्या शेजारी बसतो.

नर्सचे डोळे भरले. सगळे वा वा म्हणाले. मी वर कांदा चिरत होते, मलाही ते ऐकून बरं वाटलं. खरं सांगते, मला काही कळलं नाही.

ड्रायव्हरने ह्यांच्याकडे बघितलं. "सर, जमलंय का?"

ह्यांनी तळवे मांडीखाली आणखी दाबले. मग म्हणाले, "तुला काय वाटतं?"

"अगदी आतून आलंय, सर."

"मग ठीक आहे," हे म्हणाले.

जेवताना ह्यांचा घास तोंडातच फिरत होता. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्या गोष्टीत शटर नको होतं. हातही नको होते. ती कुणाची तरी खरी गोष्ट आहे. त्या खोलीत ऐकलेलं बाहेर न्यायचं नसतं, नाव न घेता सुद्धा."

"मग सांगा ना त्याला! फोन करा."

"आता ती पद्धत नाही. मी सांगितलं की तो पुन्हा माझ्या तोंडाकडे बघत बसेल. त्याचं त्याला कळलं पाहिजे. रविवारी उभा राहील तेव्हा गाळेल तो. हुशार आहे."

त्याने गाळलं नाही. का गाळेल? त्याला वाटलं होतं की नाव घेतलं नाही म्हणजे झालं. आणि त्याला मेकॅनिकलाच सांगायचं होतं की तू एकटा नाहीस. त्याच्या पोटात पाप नव्हतं, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

मी दुसऱ्या रांगेत बसले होते. शटरचं वाक्य आलं तशी मेकॅनिकची बायको हळूच वळली. आणि त्याच्या थोरल्या मुलीने बापाच्या हातांकडे बघितलं. त्याने ते गुडघ्यांमध्ये आणखी आत दडवले. तो उठून गेला नाही. शेवटचं गीतसुद्धा सगळ्यांबरोबर उभं राहून म्हणाला. उठून गेला असता, आरडाओरडा केला असता, तर मला इतकं लागलं नसतं.

तो पुन्हा चर्चमध्ये आला नाही. बायको मुलींना घेऊन बहिणीकडे गेली. दारूसाठी ती आधीही भांडली होती आणि थांबली होती, ह्या वेळी तिला लागलं ते वेगळंच. नवऱ्याने परक्याला सांगितलं आणि मला सगळ्यांच्या देखत कळलं, असं ती म्हणाली. मेकॅनिक आता पिताना शटर ओढायचीही तसदी घेत नाही. ड्रायव्हर त्याच्या दारात गेला, माफी मागितली. आतून आवाज आला, "पुढच्या रविवारी काय सांगणार आहेस?"

मग मंडळीचं जे व्हायचं ते झालं. मोठ्याने कुणी भांडलं नाही. पण मागच्या खोलीकडे कुणी फिरकेना. आधी लोक उपासना संपल्यावर रेंगाळायचे, आता कोट चढवून सरळ बसस्टॉप. नर्सने दुसरं चर्च धरलं. रंगाऱ्याने कामाचं निमित्त काढलं. ड्रायव्हर उपदेशाला उभा राहिला की त्याचा आवाज फुटेना, आणि समोर रिकाम्या खुर्च्या.

ह्या सगळ्यात मुख्य कार्यालयाचा फोन आला. पुढच्या शिबिरात ज्येष्ठांसमोर दोन शब्द बोला, साठीनंतरही माणूस किती बदलू शकतो ह्याचं तुम्ही उत्तम उदाहरण आहात, असं तो साहेब म्हणाला. ह्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ मोरीत तोंड धूत उभे राहिले. मला त्या साहेबाचा राग आला, ह्यांचा आला, आणि खरं म्हणजे कुणाचा करावा तेच कळेना. चुकीची होती का ती नवी पद्धत? नव्हती. मुलं खुलली होती, मी डोळ्यांनी बघितलं होतं. जुनी बरोबर होती का? तीही नव्हती. मग एक अख्खं घर कुणी मोडलं?

एका दुपारी ड्रायव्हर वर आला. दोन फेऱ्यांच्या मधली सुट्टी होती, अंगात गणवेशच होता. खुर्ची ओढून ह्यांच्यासमोर बसला. मी चहा ठेवला, तो त्याने बाजूला सारला.

"सर, एकच विचारतो. तुम्हाला शनिवारीच कळलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. मी मनात म्हणत होते, बोला हो, एकदाच खोटं बोला.

"हो," हे म्हणाले.

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तुम्हा मुलांना माझं टोकणं नको होतं. मी स्वतःला बदलत होतो."

"तुमचं ठोकणं नको होतं, सर," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. "तुम्ही नको होतात असं कुणी म्हटलं होतं?"

ह्यांनी मान खाली घातली. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझ्याने ते बघवेना.

मग तोच म्हणाला, "जाऊ दे. झालं ते झालं. आता मात्र सांगा. मी पुन्हा उभा राहू की हे सगळं सोडून देऊ? तुम्ही म्हणाल तसं करेन. शब्द देतो."

जन्मभर ज्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं, ते आमचे हे. त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. पुन्हा मिटले. राहा म्हणावं तर कुठल्या तोंडाने राहा म्हणायचं? सोड म्हणावं तर एवढ्या वर्षांत घडवलेलं एकुलतं एक लेकरू आपल्याच हाताने बाहेर काढायचं? खाली लॉन्ड्रीची यंत्रं घरघरत होती. हे नुसते त्याच्याकडे बघत राहिले.

ड्रायव्हर थांबला, खूप थांबला. मग कसनुसं हसला आणि टोपी उचलली.

"कळलं, सर. माझं मलाच ठरवायचं आहे. पद्धत तशीच आहे ना."

तो जिना उतरला. मी धावत मागे गेले, पण जिना उतरेपर्यंत तो रस्ता ओलांडून गेला होता. वर आले. हे तसेच बसले होते, दोन्ही हात टेबलावर उघडे टाकून.

"मी त्याला शिकवत नव्हतो गं," म्हणाले. "मला खरंच काही सुचलं नाही."