सुभेदारांचा व्हाईस चेअरमन

दुष्काळ सरला त्या साली माझ्या थोरल्या चुलत्यांना गावच्या सोसायटीचं चेअरमन व्हायचं होतं. पलटणीतून सुभेदार होऊन आलेला माणूस. दोन वर्षं ओट्यावर बसून लोकांचे रामराम घेत होता, आणि ते दिवसेंदिवस कमी होत चालले होते. ही खुर्ची मिळाली नसती तर माणूस झुरणीला लागला असता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

संचालक निवडून आले होते. पॅनेल भरायला घेतलेला मीही त्यात होतो. आता आम्हीच आमच्यातून चेअरमन निवडायचा. खालच्या आळीच्या मतांशिवाय चुलत्यांचं जमत नव्हतं, म्हणून व्हाईस चेअरमन त्या आळीचा घ्यायचं ठरलं. तिथले संचालक तीन. एक बोलण्यात तरबेज, म्हणून बाद. दुसऱ्याचा मेहुणा साखर कारखान्यावर डायरेक्टर, म्हणजे हा उद्या डोक्यावर बसणार, तोही बाद. उरलेला गडी कुठल्याही बैठकीत "व्हय, बरोबर हाय" यापलीकडं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. चुलते खूश झाले.

"असाच पायजे," म्हणाले. "दोन नंबरच्याला तोंड कशाला? हलवायला मुंडी असली म्हंजे झालं."

तरी शंका नको म्हणून त्याला घरी बोलावून भंडारा उचलायला लावला. खंडोबाचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द आमच्याकडं कोर्टातल्या कागदापेक्षा भारी. त्यानं तो कपाळाला लावला आणि म्हणाला, "सुभेदार, तुमी म्हनशीला ती पूर्व. तुमच्या सबुदाभाईर मी जानार न्हाई." काकूनं त्याला वाटीभर शिरा दिला.

निवडीच्या दिवशी काकूनं जिलेबी सांगून ठेवली. चुलते इस्लामपूरहून कडक इस्त्री करून आणलेली टोपी घालून बसले. तालुक्याचे साहेब आले. मी चुलत्यांचं नाव सुचवलं.

आता आमच्याकडं एक रीत आहे. पोटात कावळे ओरडत असले तरी वाढणाऱ्यापुढं आधी ताटावर हात आडवा धरायचा. मग आग्रह होतो, मग जेवायचं. पदाचंही तेच. चुलते उठले, हात जोडले. "मला कशाला? माजं वय झालं. दुसऱ्या कुनालाबी करा, माजी काय हरकत न्हाई." आणि आग्रहाची वाट बघत खाली बसले.

पहिला आग्रह होणाऱ्या व्हाईस चेअरमननं करायचा हे उघडच होतं. तसं त्याला सांगायची गरज कुणाला वाटली नव्हती. तो उठला.

"व्हय, बरोबर हाय," म्हणाला. "सुभेदारांच्या सबुदाभाईर मी न्हाई. भंडारा उचललाय."

मी तोंड उघडेपर्यंत खालच्या आळीच्या त्या तरबेजानं या गड्याचंच नाव चेअरमन म्हणून सुचवलं. साहेबांनी विचारलं, "सुभेदार, तुमची माघार ना?" भर सभेत दिलेला शब्द गिळायचा कसा, हे काही पलटणीत शिकवलेलं नसावं. चुलत्यांनी मुंडी हलवली. मला त्यांच्याकडं बघवेना. फार वाईट वाटलं. टोपीची इस्त्री तेवढी जागेवर होती.

तो गडी भोळा होता की बारा गावचं पाणी प्यालेला, यावर गावात अजून वाद होतात. पद मिळाल्याबरोबर त्याला वाचा मात्र फुटली. चुलत्यांपुढं येऊन त्यानं हात जोडले.

"सुभेदार, व्हाईस चेअरमन तुमीच व्हायचं. न्हाई म्हनायचं न्हाई."

सगळे चुलत्यांकडं बघायला लागले. या खेपेला त्यांनी हात आडवा धरला नाही.

"व्हय," ते म्हणाले, "बरोबर हाय."