नाव न घेतलेलं गाऱ्हाणं

महत्त्वाचं काही बोलायचं असलं की बुवा आधी चपला काढत. आमच्या रत्नागिरीतल्या वकिली ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा काखेत कुबडी होती आणि चप्पल एकाच पायात. तेवढी एक काढायलाही त्यांनी दारात इतका वेळ घेतला की आमचे साहेब वैतागले. "अहो, राहू द्या. कोर्टाच्या आवारात सगळे चपला घालूनच बोलतात."

"म्हनूनच आयकू येत नसंल कोनाला," बुवा म्हणाले.

पालीच्या अलीकडे त्यांचं गाव. गावचं गाऱ्हाणं घालायचं काम बुवांचं. कुणाचं लग्न असो, कुणाची विहीर, कुणी नोकरीसाठी दुबईला निघालेला असो. देवापुढे नारळ ठेवायचा आणि बुवांनी त्या माणसाचं नाव घेऊन त्याचं मागणं देवाला सांगायचं. प्रत्येक वाक्याला मागे उभा असलेला गाव "व्हय म्हाराजा!" म्हणतो. गावात एकाच नावाची तीन माणसं होती. तेव्हा बुवा देवाला खुलासाही करत, "बा म्हाराजा, हा वरच्या वाडीतला. दात पुढं हायत तो." दात पुढे असलेला निमूट मान खाली घालून उभा राही.

"नावाबिगार गाऱ्हाना लागत नाय," ते मला सांगत. "देवाला कलायला नको, कोनाचा काम हाय?"

महामार्ग रुंद झाला तेव्हा त्यावरून चालणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. बुवा दुकानातून तेल घेऊन कडेकडेने घरी येत होते. मागून आंब्याच्या पेट्या भरलेली पिकअप आली आणि त्यांना गटारात फेकून गेली. मान वर केली तेव्हा गाडी पुढे थांबलेली होती आणि चालवणारा खाली उतरून बघत होता. गावातल्याच बागायतदारांचा मुलगा. हा कर्तासवरता गडी लायसनशिवाय गाडी हाकत होता.

पोलीस जबाब घ्यायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी बागायतदारांनी बुवांना खुर्चीत बसवून देवळात नेलं. नारळ ठेवला. उपचाराचा सगळा खर्च आमचा, तुम्ही फक्त पोराचं नाव कुठे घेऊ नका. बुवांनी देवाला शब्द दिला. मागे गाव उभाच होता. गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा!" दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या कागदावर 'अज्ञात वाहन' असं आलं.

प्लास्टर निघेपर्यंत खर्च झाला. मग बागायतदार फोन उचलेनासे झाले. हाड वाकडं जुळलं होतं. दुसरं ऑपरेशन झालं तरच बुवा पुन्हा देवळाची चढण चढू शकणार होते. ते पैसे घरात नव्हते, म्हणून त्यांची बायको, ज्यांना पुढे आम्ही काकी म्हणू लागलो त्या, त्यांना घेऊन नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी आमच्याकडे आल्या. गाडीचा नंबर, मालक, मुलगा, सगळं काकींनीच सांगितलं. बुवा पंख्याकडे बघत बसले होते.

"पैसे विमा कंपनी देनार ना, वकीलबाय? मग पोराचा नाव कशाला?"

मी समजावलं. धडक कोणत्या गाडीने दिली, ती कोण चालवत होतं, हे त्यांच्याच तोंडून आलं नाही तर कंपनी म्हणणार, आमच्या गाडीचा काय संबंध? काकींनी अपघात डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. शेवटी मी चिडले. "त्यांनी शब्द पाळला का? मग तुम्हीच का पाळायचा?"

"त्यांचा त्यांच्यापाशी. मी माजा दिलाय."

मी साक्षीदार शोधत गावभर फिरले. प्रत्येक घरात कोकम सरबत मिळालं, बसायला खुर्ची मिळाली, बुवांबद्दल हळहळही मिळाली. तुम्हीही असे गाव पाहिले असतील. आजाऱ्याला बघायला सगळे येतात आणि साक्षीला कुणी नाही. देवळात ज्यांचे आवाज घुमत होते त्यांना एकाएकी काही आठवेना. बागायतदारांच्या बागेत कामाला कोण जातं, हे मला विचारावं लागलं नाही.

साक्षीच्या दिवशी बुवांनी पिंजऱ्याच्या पायरीशी चपला काढल्या. कंपनीच्या वकिलाने विचारलं, "धडक कोणत्या गाडीने दिली?" मग, "चालक कोण होता?" बुवा खाली चपलांकडे बघत राहिले. न्यायाधीश मॅडम मऊपणे म्हणाल्या, "आजोबा, घाबरू नका. सांगा."

"घाबरत नाय, सायब. नाव नाय घेनार."

"म्हणजे माहीत नाही," वकील हसून म्हणाला.

"माहीत हाय. घेनार नाय."

दावा फेटाळला गेला. निकालात कायद्याची चूक नव्हती, हे मला आजही मान्य करावं लागतं आणि ते मान्य करताना दरवेळी संताप येतो. बाहेर आल्यावर काकी नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "जलमभर सगल्यांची नावं घेतलीव. आपल्या पायासाठी एक नाय घेववला?"

अपील करूया, म्हणून निकालाची प्रत घेऊन मी गावी गेले. देवळाच्या चढणीखाली झेंडूचा हार घातलेली कोरी पिकअप उभी होती. बागायतदारांच्या मुलाची. आता लायसनही निघालं होतं म्हणे. बुवांना चढ चढवत नाही, म्हणून त्याने समजूतदारपणे गाऱ्हाणं खालीच, रस्त्याच्या कडेला ठेवलं होतं. लाज कशाशी खातात हे त्याला कुणी शिकवलं नसावं.

बुवांनी चपला काढल्या. नारळावर हात ठेवला. "बा म्हाराजा, आज ह्या लेकरान नवी गाडी आनलान हाय..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकराचा..." बुवा थांबले. मुलाकडे वळले आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुजा नाव मला घेता येत नाय रे. शबुद दिलेला हाय."

मुलगा ओशाळून हसला. "घ्या हो बुवा. मीच सांगतोय ना! सोडलं तुम्हाला शब्दातून."

"तू कोन सोडनार? तुला कुठं दिला व्हता?"

त्यांनी नारळ उचलून त्याच्या हातात परत दिला. मग कुबडीवर भार टाकून पायाने चपला चाचपडत राहिले. मागे उभ्या गावातून एकही आवाज आला नाही. अपिलाचं मी त्या दिवशी काढलंच नाही, नंतर काढलं तर ते नको म्हणाले.

ऑपरेशन झालं नाही. वाकड्या पायाने बुवा घर ते अंगण एवढेच फिरत राहिले आणि पुढच्या आंब्याच्या हंगामाआधी गेले. बाराव्याला मी गेले होते. परतताना पाहिलं, चढणीखाली तीच पिकअप उभी होती आणि गाऱ्हाणं घालायला नवा माणूस आला होता. त्याने मुलाचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, ठणठणीत आवाजात घेतलं. सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

मी रस्त्याच्या कडेला उभी होते. चपला पायातच ठेवून.